तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर

"शिरूरला सचिनलाच बसवू. प्रज्ञा हुशार हाय, पण गिऱ्हाईक तिच्यापुढं तोंडच उघडत न्हाई."

पार्टिशनपलीकडे सर फोनवर कुणाला तरी सांगत होते. अलीकडे मी एका मदरबोर्डचे स्क्रू आवळत होते. एक जरा जास्तच आवळला गेला.

दौंडला सरांचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. मी आणि सचिन तिथे हार्डवेअरचं काम बघायचो. आता शिरूरला दुसरं दुकान निघणार होतं. माझं घर शिरूरचं. रोज चौफुल्यावरून एसटीने ये-जा करताना मी ते दुकान मनात कधीच मांडून ठेवलं होतं. काउंटर कुठे, सर्व्हिस टेबल कुठे.

सचिन "काय मामा, मशीन काय म्हणतंय?" म्हणायचा आणि गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसायचं. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं. मी "आपला प्रॉब्लेम काय आहे?" विचारलं की माणसं विचारायची, "सचिन कवा येईल?"

त्यात त्याने वरवंडच्या आप्पांचं जुनं मशीन फास्ट करून दिलं होतं. आप्पांचं हायवेलगत लग्नपत्रिकांचं डीटीपी सेंटर. प्रोसेसरने किती वेगाने काम करायचं हे कंपनी ठरवून देते. काही मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये तो वेग वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सचिनने तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर नेला. नवा पार्ट नाही, काही नाही. याबद्दल मी त्याच्या आधी वाचलं होतं. करून बघितलं त्याने. तेच जास्त टोचत होतं.

फोन ठेवून सर बाहेर आले. "आप्पांचं मशीन दुपारी बंद पडतंय. सचिन शिरूरला गाळा बघायला गेलाय. तू जाऊन ये."

गाळा बघायलासुद्धा तोच.

वरवंडला आप्पांनी मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"सचिन न्हाई आला व्हय?"

"नाही."

"सकाळी घोड्यावाणी पळतंय बघा. जेवणं झाली की मान टाकतंय. आख्खा मॅटर जातोय. नवरदेवाचा बाप सकाळधरनं चकरा मारतोय."

"मशीन कुठे आहे?"

टेबलावर फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड होता. आप्पांनी टेबलाखालच्या लाकडी कपाटाचं दार उघडलं. हायवेची धूळ नको म्हणून सुताराकडून खास करून घेतलेलं. आत मशीनचा डबा, म्हणजे कॅबिनेट, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर मखमलीचं. बाहेर चैत्राचं ऊन आणि डोक्यावर पत्रा.

मशीन सुरू करताना स्क्रीनवर ४५० उमटलं. तो आकडा देखणा दिसत होता. आणि माझा नव्हता.

वेग वाढवला की प्रोसेसर जास्त तापतो. सचिनने टेस्टिंग दुकानात केलं होतं, कॅबिनेट उघडं टाकून, टेबल फॅनसमोर. तिथे ते हँग होणारच नव्हतं. हे कपाट त्याने कधी बघितलं नव्हतं.

मला आनंद झाला. तो दिसू नये म्हणून मी वाकून केबल बघत राहिले.

कव्हरं काढली, दार उघडं ठेवून पंखा लावला. चाललं. सगळं पुन्हा झाकून दार लावलं. थोड्या वेळाने हँग. पण पंख्याने पत्रिकांचे कागद उडत होते आणि दार उघडं ठेवायला आप्पा तयार नव्हते. मी वेग परत तीनशेवर आणला आणि कपाटाची मागची फळी तेवढी काढायला लावली.

आप्पांनी एक फाइल उघडून बघितली. "म्याडम, घोड्याचं गाढव केलं की हो तुम्ही!"

फास्ट केलं त्याचं नाव सचिनला, मंद केलं त्याचं मला.

"आप्पा, तुम्ही मॅटर टाइप करा. मी इथेच बसते."

दुपार गेली. पत्रिका पूर्ण झाली, नवरदेवाचा बाप प्रूफ घेऊन गेला. मशीन हळू चाललं, पण थांबलं नाही. मशीन जिथे राहणार तिथे चाललं, तरच ते चाललं म्हणायचं. आपल्या टेबलावर सगळीच चालतात.

आप्पांनी सरांना फोन लावला. "चाललंय, पण मंद हाय हो."

पलीकडचा सरांचा आवाज मलाही ऐकू आला. "उद्या सचिनला पाठवतो. तो करंल फास्ट."

मी हात पुढे केला. आप्पांनी रिसीव्हर दिला.

"सर, सचिनला खुशाल इथे पाठवा. शिरूरला मी बसते."