स्वयंपाकघराकडे तोंड केलेला स्पीकर

दत्ताअण्णाच्या बायकोचा, सुधाक्काचा फोन आला तेव्हा मी माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसते त्या भागाचा, स्क्रू आवळत होतो. "हे गेले रे... दुपारी रेकॉर्ड लावली नि खुर्चीतच..." तिला पुढे बोलवेना. आता महिना होऊन गेलाय, सांगायला हरकत नाही. रडू यायच्या आधी मला त्या माणसाचा हेवा वाटला. मरण आलं तेसुद्धा गाणं ऐकता ऐकता!

दत्ताअण्णा मूळचा निपाणीचा, पण इथे कानडी शहरात, राजाजीनगरात जन्म काढलेला. मी पुण्याहून नोकरीसाठी याच शहरात, येलहंक्याला आलेला. वयानं तो थोरला, पण आमचं अरे-तुरेचं. पुण्याच्या नव्हे, इथल्या शिवाजीनगरच्या एका दुकानात दोघांनी एकाच जुन्या रेकॉर्डला हात घातला, तिथली ही ओळख. रेकॉर्ड अर्थातच त्याच्या पिशवीत गेली. मग त्यानंच मला या नादाला लावलं. फोनवर बोट टेकवलं की हवं ते गाणं वाजतं, हे सुख सोडून मी सुईचं वजन मोजायला, धूळ झटकायला, घरघर कुठून येते म्हणून वायरी उचकायला शिकलो. परदेशातून मागवलेलं कार्ट्रिज कस्टममध्ये अडकलं की मला जेवण गोड लागत नसे. एवढं करून माझ्याकडे आवाज यायचा स्वच्छ, बस्स. अण्णाच्या जुनाट प्लेअरवर मात्र गाणारी बाई समोर येऊन बसायची. नुसता जळफळाट व्हायचा माझा!

त्यात त्याचा उजवा स्पीकर भलतीकडेच तोंड करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्याच्या खुर्चीकडे वळवायचे, हा या नादातला पहिला धडा. एकदा तो चहाचं सांगायला आत गेला तेव्हा मी स्पीकर सरळ केला. अण्णा आला, गुडघे टेकून बसला आणि पुन्हा होता तसा फिरवला.

"अण्णा, चुकतंय तुझं."

"सरी, बरं, चुकू दे की. तुला काय करायचंय?"

रेकॉर्डची एक बाजू वाजून संपली की आतून सुधाक्का ओरडायची, "अहो, बाजू संपली!" आणि हा हातातलं टाकून उठायचा. मला वाटायचं, तिला खरखरीची कटकट होत असणार. माझ्या घरी मी रेकॉर्ड लावली की बायको दार ओढून घेते.

परवा अक्कानं बोलावलं. "प्लेअर बंद पडून राहिलाय. स्वल्प बघून जा की." आता तो माझ्याकडेच येणार, अशी आशा होती. खोटं कशाला बोलू, गाडीत जागा करूनच गेलो होतो. सुई पुसली, रेकॉर्ड लावली आणि पाणी प्यायला आत गेलो. ओट्यापाशी हात तांब्यावरच थांबला. काय आवाज होता तिथे! इतकी वर्षं बाहेरच्या खुर्चीत बसून मी ऐकलं ते उरलंसुरलं होतं.

"मला कामातनं उठून बाहेर बसायला होत नाही, असं एकदा म्हटलं होतं बघ," अक्का भाजी चिरता चिरता म्हणाली. "तवापासनं तो स्पीकर असाच."

कार्ट्रिज मागवता येतं हो. हे कुठून मागवायचं?

मी बाहेर येऊन अण्णाच्या खुर्चीत बसलो. स्पीकरला हात लावला नाही. गाडीतल्या जागेचं तर नावच काढलं नाही. यथावकाश बाजू संपली, सुई खरखरत फिरत राहिली.

"अहो, बाजू संपली!"

आणि मग आतला विळीचा आवाज थांबला. हाक अण्णालाच होती. गेल्यावरसुद्धा त्यालाच.

मी उठलो आणि रेकॉर्ड उलटली.