सड्यावर काजूचा वास

मार्च-एप्रिलात काजू भाजल्याच्या वासाने आमच्याकडे कुणी दचकत नाही. बागेत कुणीतरी पालापाचोळा पेटवून त्यात बिया टाकतो, काळा धूर उठतो, डोळे चुरचुरतात आणि तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी सकाळी कणकवलीला जाताना गाडीत तो वास आला, तेव्हा मी चक्क दीर्घ श्वास घेतला होता. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नेत होतो.

दुपारी परतताना तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. धूळ आणि धूर यांपासून डोळा जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून काचा बंद ठेवल्या, एसी लावला. आई मागच्या सीटवर मान टेकून बसली होती.

नांदगावला हायवे सोडून समुद्राच्या बाजूला वळलो आणि तो वास पुन्हा आला. आई म्हणाली, "झिला, कायतरी जळता."

कुणीतरी काजू भाजत असेल, असं मी सांगितलं. दोन्ही बाजूंना काजूच्या बागाच होत्या. तरी हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय का ते पाहिलं, क्लचवरचा पाय काढून पाहिला. इंजिनच्या तापमानाचा काटा जागेवर होता. मी निश्चिंत झालो. वास वाढत होता, पण तो ओळखीचा होता.

मग सडा लागला. नजर जाईल तिथवर जांभा कातळ, करपलेलं गवत, सावलीलाही झाड नाही. वास मात्र गाडीतच होता, आणि आता घशात टोचत होता.

"आता हयसर कातळार कोण भाजता तुझी काजी?" आईने विचारलं.

त्याच क्षणी एसीच्या जाळीतून धुराची बारीक रेघ आत आली. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद करून किल्ली काढली, बॉनेटचा खटका ओढला आणि बाहेर उडी मारली. मागे माझं दार आपटून बंद झालं.

बॉनेटच्या फटींतून धूर येत होता. रुमालाने धरून ते जरासं उचललं. आत, सायलेन्सरचा पाइप जिथून निघतो तिथल्या पत्र्यावर, पेंढा आणि नारळाचा काथ्या धुमसत होता. त्यात काजूच्या बिया होत्या, फसफसत, तेल ओकत. एवढ्यात एका बीने पेट घेतला. मी खाली वाकून तांबडी माती ओंजळीत घेतली.

तेव्हा काचेवर थाप ऐकू आली.

मी वळून पाहिलं. आई मागच्या दाराची कडी ओढत होती. पुन्हा पुन्हा ओढत होती. दुसऱ्या हाताने तिने पट्टीवर पदर दाबून धरला होता. किल्ली माझ्या खिशात होती, त्यामुळे काचही खाली होत नव्हती. आणि ते दार आतून उघडणार नव्हतं, कारण लहान मुलांसाठी असतं ते लॉक मीच लावून ठेवलं होतं.

गाडी थांबवल्यावर मी आधी इंजिनाकडे धावलो. आईकडे नाही. हे लिहितानाही मला तो आवाज ऐकू येतो.

दार उघडून तिला बाहेर घेतलं, धूर जात नव्हता त्या बाजूला एका धोंड्यावर बसवलं. ती खोकत होती. पट्टी जागेवर होती. मग परत येऊन त्या पेंढ्यावर माती टाकत राहिलो, धूर थांबेपर्यंत. काठीने सगळं ओढून काढलं. घाईत काही बिया हातानेच उचलल्या. त्यांच्या तेलाने बोटं भाजली, पुढे कितीतरी दिवस सालं निघत होती. वायरी तपासल्या. एका पाइपचं वरचं वेष्टण कुरतडलेलं होतं, बाकी सगळं शाबूत होतं.

उंदरांचं काम होतं ते. काजूच्या दिवसांत गाडी फारशी लागत नाही म्हणून मी ती बागेतल्या मांगराच्या छपराखाली, बियांच्या गोणींना लागून उभी केली होती. उंदरांनी गोणी फोडून गाडीत कोठार केलं. जागा मीच दिली होती.

इंजिन निवेपर्यंत आम्ही धोंड्यावर बसून राहिलो. मी दोनदा विचारलं, डोळ्याला झोंबतंय का. ती नाही म्हणाली. मग तिने विचारलं, "दार कित्याक उघडूक नाय?"

बिघडलं असेल, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"लॉक मीच लावलंय. मागे बाजारात तू एकदम दार उघडलंस, मोटरसायकलवाला आपटता आपटता वाचला. तेव्हापासून."

प्रत्येक वेळी गाडी थांबली की मी उतरायचो, वळसा घालून यायचो, तिचं दार उघडायचो. माझो झील माका हातान दार उघडता, असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. मी ते ऐकलं होतं. ऐकून गप्प बसलो होतो.

"म्हणजे इतके दिस तू उतरान दार उघडी होतस," ती म्हणाली, "ता ह्याच्यासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली.

किल्लीच्या टोकाने मागच्या दोन्ही दारांच्या त्या लॉकचे खटके वर केले. गाडी सुरू केली, बॉनेट उघडं ठेवून जरा वेळ पाहत उभा राहिलो. धूर नव्हता. मग एसी न लावता सावकाश घरी आलो. तिच्या बाजूची काच वर ठेवली होती, माझी खाली. तो वास मात्र गाडीतून गेला नव्हता.

अंगणात गाडी थांबवली आणि सवयीने उतरून वळसा घातला. मी पोचलो तेव्हा दार उघडलेलं होतं. एका हाताने पट्टीवर पदर धरून आई पायाने जमीन चाचपत होती. मी हात पुढे केला.

"ऱ्हवां दी," ती म्हणाली, आणि दाराला धरून स्वतःच उतरली.