मामीला वाचून दाखवलेली कादंबरी

अकरावीला आम्हाला एक जुनी कादंबरी नेमलेली होती. बारीक टाइप, श्वास संपला तरी न संपणारी वाक्यं आणि पानोपानी रडणारी माणसं. वर्गातल्या निम्म्या मुली गाइडवर भागवत होत्या आणि माझाही तोच बेत होता. ती कादंबरी मला आवडायला लागली ती पेणला, मामाच्या गणपतीच्या कारखान्यात.

आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहायचो. आषाढ-श्रावणातल्या रविवारी मी एसटीने पेणला जायचे, मूर्तींना पॉलिशपेपर घासायला आणि रंगाच्या वाट्या धुवायला. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मामी करायची. ते काम चालू असताना मोठ्याने बोललेलं तिला खपत नसे, आणि रडणं तर मुळीच नाही. देवाचे डोळे ओल्या डोळ्यांनी काढायचे नाहीत, हा तिचा नियम. पण कोणी हळू आवाजात काही वाचलं, तर तिचा हात चांगला चालायचा. म्हणून एकदा मी दप्तरातली कादंबरी काढली.

गंमत अशी की वर्गात दातांत अडकणारी ती वाक्यं तिथे सुरळीत सुटायला लागली. मामी मध्येच ब्रश वर धरायची नि कादंबरीतल्या सासूचा उद्धार करायची. "या बयेला कोनी बोलत कसं नाय गो?" तिच्यामुळे मलाही त्या घरातली सून आपल्या ओळखीची वाटू लागली. सोमवारपासूनच मी रविवारची वाट बघायचे.

आदल्या वर्षी मामीला टायफॉइड झाला होता. ऐन हंगामात ती अंथरुणाला खिळली आणि आखणीला बाहेरचा माणूस आणावा लागला. माझ्या अकरावीच्या वर्षी ती पुन्हा कामाला बसली होती, पण हात अजून मधूनच थरथरायचा. "औंदा माज्याच हातानं सगळे व्हायला पायजेत," एवढंच ती म्हणायची.

आणि एका रविवारी, मी एसटीत पुढचं वाचत असताना, वडखळ यायच्या आत ती सून तापाने गेली. मी इतकी रडले की कंडक्टरला वाटलं, माझं तिकीट हरवलं. रडू थांबल्यावर मात्र भीती वाटली. हे मामीला कसं वाचून दाखवायचं? शेवटची मोठी ऑर्डर फळ्यांवर मांडून ठेवलेली होती, सगळ्या मूर्ती डोळ्यांवाचून.

मी नाहीच वाचलं. पुस्तक समोर धरलं आणि सुनेला बरं केलं. वैद्य आणला, पेज पाजली, तिला माहेरी पाठवलं, सासूला नमवलं. लेखकाची भाषा एव्हाना तोंडात बसली होती, त्यामुळे लांबलचक वाक्यं करायला अडचण आली नाही. मामीचा ब्रश एकदाही थांबला नाही. संध्याकाळपर्यंत सगळे डोळे झाले.

पण मी निघताना ती म्हणाली, "गणपती गेले की ते पुस्तक घेऊन ये गो. मला बगायचंय."

मामी चौथी शिकलेली, सावकाश का होईना वाचायची. मी तिला फसवलं होतं, तेही एवढ्या देवांसमोर. त्या सणाला मोदकही मला गोड लागले नाहीत.

विसर्जन झाल्यावर गेले ती कबूल करायचं ठरवूनच. कारखाना रिकामा होता, मामी फळ्या पुसत होती. मी एका दमात सांगून टाकलं, की सून बरी झालीच नाही, ती गेली, बाकी सगळं माझ्या मनाचं होतं.

"ठाव हाय," मामी म्हणाली. "येवडी बरी झाली, म्हायेरी गेली, आनि तू एक पान नाय उलटलंस."

मला रडू आलं आणि हसूही. इतक्या दिवसांचा घोर एका क्षणात गेला.

"मग तू बोलली का नाहीस?"

"ती वाचली त्याचं मला बरं वाटत व्हतं," ती म्हणाली. "खोटं हाय त्ये ठाव असून." मग फडकं बाजूला ठेवून ती माझ्याशेजारी टेकली. "आता हात मोकळे हायत. आता खरं वाच."

मी वाचायला लागले. सून गेली तेव्हा आम्ही दोघी पोटभर रडलो. कोणाचे डोळे काढायचे राहिले नव्हते. मग मी पान उलटलं.