आईचे डोळे उघडे होते

गुरुवारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आईने आमच्या जुन्या खेळात सगळ्या झाडांची पानं डोळे मिटून, नुसती चाचपून ओळखली. डोळे मिटायचे हा खेळाचा नियम, म्हणून मी तसं लिहून टाकलं. ते चूक होतं. तिचे डोळे उघडे होते.

आज दुपारी इथे गाझियाबादच्या घरी आम्ही दोघी वाळलेली पानं वहीत चिकटवत होतो. आईने कडुनिंबाची डहाळी आधीच चिकटवलेल्या पिंपळपानावर ठेवली आणि बोटाने नीट दाबली. मी तिचं आवडतं गोष्टींचं पुस्तक पुढे केलं. "वाच ना."

आठवीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं, याच पुस्तकातून. तिने गोष्ट न अडखळता वाचली. उघडलेल्या पानावर मात्र दुसरीच गोष्ट होती.

"आई, तुला दिसतंय ना?"

"अच्छा, आता तू माझी परीक्षा घेणार?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. मला एकटीला खालीसुद्धा जाऊ देणार नाहीत." नाही सांगणार, असा मी शब्द दिला.

रोज पहाटे मोठा रस्ता ओलांडून दूध तीच आणते. दुपारपासून खालचा प्रत्येक हॉर्न मला ऐकू येतोय.

बाबा या ग्रुपवर नाहीत. तुमच्यापैकी कुणी आईला दिलेला शब्द असा मोडलाय? नंतर ती बोलली तुमच्याशी?

उद्या दूध मी आणेन. उद्या रविवार, दवाखाना बंद असतो. बाबांना सांगून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे ते सोमवारी सकाळी.