सोललेलं डाळिंब

मनिषाला जावेचा हेवा वाटायचा, तोही तिच्या आजाराचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण चौसाळ्याच्या त्या दोन खोल्यांत बारा वर्षं थोरली सून म्हणून राबून बघा, मग बोला.

धाकटी जाऊ पंचशीला. तिला लहानपणापासून सिकलसेल, म्हणजे रक्ताचाच आजार. मध्येच हाडं ठणकायची, डोळे कायम पिवळसर. तिला दिवस गेले आणि दवाखान्यातून सांगणं आलं की जड उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, वेळेवर खायचं. झालं! सासू चतुराबाई रोज सकाळी डाळिंब सोलून वाटी तिच्या हातात द्यायची आणि विचारायची, "काय खावंसं वाटतंय गं तुला?"

हा प्रश्न मनिषाला काट्यासारखा टोचायचा. दोन्ही लेकींच्या वेळी ती नवव्या महिन्यापर्यंत सोयाबीन काढत होती. तेव्हा कुणी साधी चिंच हवी का म्हणून विचारलं नव्हतं. आपलं रक्त धड आहे हाच आपला गुन्हा, असं ती भाकरी थापताना स्वतःशी पुटपुटायची.

जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ताट फार स्पष्ट दिसतं. म्हणूनच सातव्या महिन्यात वाटी तीन दिवस भरलेली परत आली, ते फक्त तिला कळलं.

"नको वाटतंय आक्का. तुमीच खा," पंचशीला म्हणाली.

मनिषाने खाल्लं. पहिल्या दिवशी मिटक्या मारत खाल्लं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या दिवशी मात्र घास उतरेना. तिने जावेला उजेडात बसवलं. डोळे रोजच्यासारखे पिवळसर नव्हते, हळदीसारखे झाले होते. तळहातही तसेच.

"लघवी कशी व्हतीय?"

"कोऱ्या चहावानी," पंचशीला हळूच म्हणाली.

मनिषाने सासूला सांगितलं, तर ती उसळलीच. "तिचे डोळे पिवळेच असत्यात! का गं बघवंना तुला तिचं?" पंचशीलाचा नवरा बाळू म्हणाला, "वहिनी, आठ दिवसांनी दवाखान्याची तारीख हायच की."

मनिषा परत पिठाशी बसली. मरू दे, आपल्या शब्दाला कोण विचारतं, असं तिच्या मनात आलं आणि आल्याबरोबर तिची तिलाच भीती वाटली. इतक्यात पंचशीलाला प्यायलेलं पाणीसुद्धा उलटून पडलं. मनिषा पिठाच्या हातानेच उठली.

"व्हय, जळते मी! बारा वर्सं जळते! म्हणून तर रोज तिच्याकडं बघते. तुमी लाडानं बघता, तुमाला दिसत न्हाई!"

तिने जावेला धरून रस्त्यावर आणलं आणि बीडकडे निघालेली जीप हात करून थांबवली. बाळू फाईल घेऊन मागून पळत आला.

दवाखान्यात कळलं की सिकलसेलच्या पिवळेपणाआड खरी कावीळ दडली होती, खराब पाण्यातून झालेली. गरोदरपणात ती जिवावर बेतते. "आणखी दोन दिवस घरी काढले असते तर..." एवढं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "ओळखलं कुणी?" बाळूने मान खाली घालून वहिनीकडे बोट दाखवलं.

रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. काचेच्या पेटीत होती, पण श्वास चांगला घेत होती. पंचशीला रोज सकाळी पापणी ओढून म्हणायची, "आक्का, बघा बरं, उतरलंय का?" मनिषा बघायची. तिला खाट, आपल्याला फरशी, हेही बघायचीच.

अकराव्या दिवशी चतुराबाई डबा घेऊन आली. सुनेला भरवलं, नातीला काचेतून बघितलं आणि पिशवी उचलली. निघताना खाली बघतच म्हणाली, "मनिषे, तुला काय खावंसं वाटतंय गं?"

"काही न्हाई आत्या," मनिषा कशीबशी म्हणाली.

सासू जिन्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी हाक आली.

"आत्या! डाळिंब आणा! अन् सोलून आणा!"