मागांच्या वेगाचं गाणं

माझ्या आवाजाबद्दल मला कधीच शंका नव्हती. वडिलांना, म्हणजे अप्पांना होती, पण ती गल्ली काय म्हणेल याची. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये चादरींचे सहा यंत्रमाग होते. मी कॉलेजात होते. पुण्यात शिकणारा माझा मोठा भाऊ अण्णा मे महिन्यात घरी आला तो गिटार, जुना रेकॉर्ड प्लेअर आणि इंग्रजी रॉक गाण्याची एक तबकडी घेऊन.

अप्पांनी लगेच अट घातली. "माग चालू असतील तवाच लावायचं. बाहेर आवाज जायला नको."

महिनाभर आम्ही मागांच्या खडखडाटात स्पीकरला कान लावून ते गाणं उचललं. गायक संथ होता, भारदस्त, खर्जातला. माझाही आवाज जाड. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत ढकलायचे. हा गडी मात्र थेट माझ्या पट्टीत गात होता. मी कुणालाही न विचारता रेल्वे कॉलनीतल्या गाण्याच्या स्पर्धेत नाव देऊन टाकलं.

अप्पा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा. पर लोक हसले, की गाणं बंद. कायमचं."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मागांची साप्ताहिक सुट्टी होती. अप्पा मंगळवेढ्याला गेलेले. आम्ही पहिल्यांदाच शांततेत तबकडी लावली, तर गायक चिरक्या आवाजात धावतच सुटला. तबकडी बिघडली असं मला वाटलं. अण्णा मात्र वरच्या दिव्याकडे बघत होता. दिवा लख्ख जळत होता. एरवी माग चालू असले की विजेचा दाब उतरायचा, दिवा पिवळा पडायचा, आणि त्याच्याबरोबर प्लेअरही रेंगाळायचा, गायकाचा आवाज खाली उतरायचा.

"आपण महिनाभर पेंगुळलेलं गाणं शिकलो," अण्णा म्हणाला.

खऱ्या वेगात म्हणून पाहिलं. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. तेव्हा मात्र मी घाबरले. हसू मी पचवलं असतं, पण गाणं सुटलं तर मी काय करणार होते? मग त्या भीतीचाच राग आला. "आपण शिकलो तसंच म्हणायचं," मी सांगितलं.

स्पर्धेला पुढच्या रांगेत कॉलनीतली मुलं होती. त्यांना ते गाणं तोंडपाठ. पहिल्याच ओळीला दोघं फिसकन हसले. अण्णाची बोटं अडखळली, मी थांबले नाही. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं.

अप्पा मागे दाराशी उभे होते. घरी आल्यावर अंगणात सायकल लावताना म्हणाले, "दोघं हसले."

"होय," मी म्हणाले.

"कडव्यानंतर गप बसले की." कुलूप घालत म्हणाले, "इंग्रजी मला कळत न्हाय. पर त्यात आपले माग चालत व्हते, ते कळलं."

दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळी शेड एकदम शांत झाली. मला वाटलं वीज गेली. जाऊन पाहते तर अप्पांनीच मागांचं मेन स्विच बंद केलेलं. कामगार हात पुसत उभे होते.

"म्हण आता," अप्पा म्हणाले. "गल्लीला ऐकू जाऊ दे."