उज्ज्वलाच्या नावाची स्पर्धा नको

उज्ज्वला गेली हे मला हरीशकडून, तिच्या नवऱ्याकडून, कळायला हवं होतं. ते कळलं एका पोस्टरवरून. सकाळी चहा गाळत होते, फोन वाजला म्हणून बघितलं, तर बदलापूरच्या कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी चित्र टाकलेलं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, कडेने झेंडूची नक्षी, कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला आमच्याकडचा एक पुढारी आणि मधोमध कमरेएवढ्या पाण्यात माझी मैत्रीण, दोन्ही हातांत भलामोठा मासा घेतलेली. नावाआधी लिहिलं होतं, ‘थोर मत्स्यप्रेमी’. मी खुळ्यासारखी आधी त्या फोटोकडेच बघत राहिले. मग वाटलं, हे चित्र खोटं असणार, कुणीतरी चावटपणा केला असणार... हरीशला फोन लावला. त्याने उचलला आणि ‘हो’ एवढंच म्हणाला. तो अजून हॉस्पिटलमध्येच होता. तिला घरी आणलं नव्हतं आणि पोस्टर मात्र तयार झालं होतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, राग ओसरतो आणि मग आठवणी उरतात. माझा ओसरलेला नाही. त्या फोटोत उज्ज्वला हसतेय असं वाटतं. ती हसत नाहीये. तिने दात आवळलेत. आणि हातातला मासा मेलेला आहे. हे सांगितल्याशिवाय मला तिच्याबद्दल दुसरं काही लिहिता येणार नाही.

आम्ही दोघी मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत एकाच वेळी लागलो, मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये. ती अंबरनाथ पश्चिमेची, मी बदलापूरची. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, “रविवारी काय करतेस?” मी म्हटलं, “धुणं.” ती म्हणाली, “धुणं सोमवारीही मळलेलंच असतं. नदीवर चल.” मला वाटलं सहल असेल, म्हणून मी चिवडा घेतला. जांभूळच्या अलीकडे उल्हास नदीला एक वळण आहे, तिथे खोल डोह आहे. तिथे बाईसाहेबांनी पिशवीतून घडीची काठी काढली, रीळ बसवलं, कणकेची गोळी वळली आणि दीड-दोन तास माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिच्या वडिलांना गळ टाकायचा नाद होता. मुलगा नव्हता म्हणून हिला बरोबर नेत, असं नातेवाईक सांगत. उज्ज्वला म्हणायची, “खोटं आहे. मी मागे लागायचे म्हणून नेत.”

त्या दिवशी तिला मासा लागला. महसीर, सोनेरी खवल्यांचा, माझ्या हाताएवढा लांब. मी टाळ्या वाजवल्या, आता घरी कालवण होणार म्हणून. तिने काय केलं, तर मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. स्वतः गुडघाभर पाण्यात शिरली, हात ओले केले, पाण्यातच त्याच्या ओठातून गळ सोडवला. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो तो तिने पकडीने आधीच चेपून ठेवलेला असायचा, म्हणजे गळ सहज निघतो आणि जखम फाटत नाही. मग माशाचं तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात धरून ती नुसती उभी राहिली. मासा कल्ले हलवत राहिला. त्याने स्वतःहून शेपटी मारली तेव्हाच तिने हात काढले. “ढकलायचं नाही,” ती म्हणाली. “त्याला जायचं असेल तेव्हा तो जातो. आपण फक्त पडू द्यायचं नाही.”

पकडायचा आणि सोडायचा, तर मग पकडायचा कशाला? हा प्रश्न तिला आयुष्यभर सगळ्यांनी विचारला. लॅबमध्ये, लग्नात, रिक्षात. विचारणारा नेहमी असा हसायचा की जणू हे जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलंय. मीही विचारला होता. तिने मला खरं उत्तर दिलं. “हाव आहे माझी. गळ ओढला गेला की छातीत जे काही होतं ना, ते मला हवं असतं. माशाला त्रास होतो, मला माहितीय. म्हणून तो कमीत कमी व्हावा एवढं बघते. हाव सुटत नाही, निदान तिला वेसण तरी घालते.” ती संत वगैरे नव्हती, हे मुद्दाम लिहितेय, कारण शोकसभेत तिला संत करून टाकलं. ती बाजारातून सुरमई आणायची, बोंबील चाटूनपुसून खायची. भाव करताना कोळणीशी भांडायची आणि मग तिच्याच शेजारी बसून चहा प्यायची. पण नदीतल्या माशाचे तिचे नियम कडक होते. उन्हाळ्यात गळ टाकायचा नाही, कारण तापलेल्या पाण्यात माशाला श्वास कमी पडतो आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. पावसाच्या तोंडाला मासे पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर चढतात, तेव्हा तर नाहीच नाही. त्या दिवसांत आमच्याकडे अख्खी गावं ओढ्यात उतरतात, जाळी घेऊन, काठ्या घेऊन, काही हरामखोर पाण्यात टाकून मासे मारायला ब्लीचिंग पावडर घेऊन. उज्ज्वला तिथे जाऊन उभी राहायची आणि शिव्या खायची. परत द्यायचीही.

तिचं लग्न हरीशशी झालं. उल्हासनगरात त्याचं कापडाचं दुकान. सिंधी घर. माहेरी नाराजी झाली, सासरीही झाली, पण सासू मात्र पहिल्या महिन्यातच फितूर झाली. सिंध्यांचे देव झूलेलाल माशावर बसून येतात आणि आपली सून माशांना पाण्यात परत सोडते, एवढं त्या बाईला पुरेसं होतं. ‘मग पकडायचा कशाला’ हा प्रश्न न विचारणारी जगात एकच व्यक्ती, असं उज्ज्वला तिच्याबद्दल म्हणायची. हरीशला पाण्याची भीती. दर रविवारी तो आम्हाला गाडीतून सोडायचा आणि वर रस्त्यावरच गाडीत बसून पेपर वाचायचा. उतारावरून तो कधीही खाली आला नाही.

आता त्या स्पर्धेकडे येते. गेल्या उन्हाळ्यात त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नदीवर मासेमारीची स्पर्धा ठेवली होती. बोर्ड लागले तशी उज्ज्वला एकटीच त्याच्या ऑफिसात गेली. तिने सगळं समजावून सांगितलं. मे महिना नको, थंडीत घ्या. काटे चेपलेले गळ वापरा. वजन करायचं तर ओल्या कापडाच्या झोळीत, नदीच्या काठाशीच, आणि लगेच सोडा. त्याने लक्ष देऊन ऐकलं, ‘ताई, ताई’ केलं, सरबत दिलं. ती खूश होऊन परतली. “माणूस ऐकणारा आहे गं,” म्हणाली. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की ऐकणं आणि सरबत पाजणं यांत फरक असतो. नव्या बोर्डावर एवढंच वाढलं, ‘पकडलेले सर्व मासे नदीत सोडण्यात येतील’. तारीख तीच. वाढदिवस कसा हलवणार?

मी त्या दिवशी तिच्याबरोबर होते. मंडप, डीजे, एकसारखे टी-शर्ट. पिंपं उभी कापून केलेले निळे टब उन्हात मांडलेले, त्यात बोटभर कोमट पाणी आणि त्यात मासे. एकावर एक. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय सोडायचे नाहीत, असं ठरलेलं होतं. पाहुणे येईनात. उज्ज्वला एकेका टबात नदीचं पाणी आणून ओतत होती. तिने कार्यकर्त्यांचे हात धरले, “आत्ता सोडा, फोटो नंतर काढा.” एक जण म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ, मासाच आहे तो, पाण्यातच आहे.” पाहुणे आले, सत्कार झाले, भाषणं झाली, निसर्गाचं रक्षण वगैरे झालं. मग वर ड्रोन उडवला आणि टब उचलून मासे बंधाऱ्यावरून खाली ओतले. उंचावरून. कचरा ओततात तसे. टाळ्या पडल्या.

आणि मासे पोटं वर करून तरंगायला लागले.

उज्ज्वला पाण्यात शिरली, अंगावरच्या सलवार-कमीजसकट. एकेक मासा धरायची, तोंड प्रवाहाकडे करायची, थांबायची. प्रवाह तरी कुठे होता मे महिन्यात! ती स्वतःच माशाला धरून पुढे-मागे चालत होती, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. एक मरळ तेवढी पोहत गेली. मरळ चिवट असते, हवेवरही जगते. महसीर एकही गेला नाही. सगळ्यात मोठी मादी होती, पोट गाबोळीने टम्म. तिला उज्ज्वलाने किती वेळ धरून ठेवलं मला सांगता येणार नाही... काठावरून एक जण ओरडला, “ओ आंटी, साइड में हो जाओ ना, फ्रेम में आ रही हो!” आणि दुसऱ्याने, बहुधा ते दृश्य बरं वाटलं म्हणून, तिचा फोटो काढला. तोच तो फोटो. श्रद्धांजलीचा.

त्यानंतर ती नदीवर गेली नाही. तक्रारी केल्या, दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, संपलं. दिवाळीनंतर तिचा डावा हात दुखायला लागला. महिनाभर ती आम्लपित्ताच्या गोळ्या खात होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. “बघू गं.” माशाच्या कल्ल्याकडे बघून त्याला किती दम उरलाय हे सांगणारी बाई स्वतःच्या छातीला ‘बघू गं’ म्हणाली, याचाही मला राग आहे. अंबरनाथ स्टेशनबाहेर भाजी घेता घेता ती कोसळली. स्पर्धेमुळे ती गेली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि ते खरं असेलच असं नाही. पण शेवटचे महिने तिचे हात रिकामे होते, आणि ते कुणी रिकामे केले हे मला माहीत आहे.

शोकसभेला तो पुढारी आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी. माइक हातात घेऊन त्याने जाहीर केलं की यंदापासून स्पर्धा दरवर्षी ‘कैलासवासी उज्ज्वलाताई स्मृती मासेमारी स्पर्धा’ म्हणून होईल. तारीख अर्थात तीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! मी हरीशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. “मीना, तू बरोबर येशील? मला मराठीत नीट भांडता येत नाही.”

आम्ही पुढाऱ्याच्या ऑफिसात गेलो. पुन्हा सरबत. मी सगळं बोलले, जे उज्ज्वला बोलली होती तेच, फक्त तिच्यासारखं शांतपणे नाही. तो हसत म्हणाला, “मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात. ताईंचं नाव मोठं होईल. मुलं मोबाइल सोडून निसर्गात येतील.”

“मासे मेले होते,” मी म्हटलं. “सगळे.”

“थोडंफार होतंच की.”

तेव्हा हरीश उभा राहिला. आयुष्यभर गिऱ्हाइकापुढे कापडाचे तागे उलगडत हसलेला माणूस. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. “भाऊ, उसका फोटो आपने मेरे से पूछे बिना छापा. मैं कुछ नहीं बोला. लेकिन जिस टब में मछली मारते हो, उसपे मेरी बीवी का नाम नहीं आएगा. आलं, तर मी त्या टबात येऊन बसेन. फिर मेरा भी फोटो निकालना.”

 मग पुढाऱ्याने हात जोडले, म्हणाला, ठीक आहे, घरच्यांची इच्छा नसेल तर नाव नको. आम्ही उठलो. दारात पोचतो तोच मागे तो कुणाला तरी म्हणताना ऐकू आला, “अरे, दुसरं कुणाचं तरी बघा मग.” म्हणजे स्पर्धा होणारच. मे महिन्यातच होणार. हे छापून येईल तेव्हा तो वाचेल, अशी माझी इच्छा आहे. आम्ही दोघं त्या दिवशी तिथे पाण्यात उभे असू, हेही त्याने वाचावं. फ्रेम खराब होईल, त्याला इलाज नाही.

ऑफिसातून निघाल्यावर हरीशने गाडी घराकडे वळवली नाही. डोहाजवळ थांबला, डिकी उघडली, तिची काठी काढली आणि उतारावरून खाली यायला लागला. बसत, झाडं धरत, चप्पल घसरत.  काठाशी आल्यावर म्हणाला, “फेकायचं कसं?” मला कुठे येत होतं? मी इतकी वर्षं चिवडा खाल्ला होता. गळाला काहीच न लावता त्याने काठी जोरात फिरवली आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, मागच्या बाभळीत जाऊन अडकला. ओढला, तर आणखी गुंतला. आम्ही दोघं पन्नाशी उलटलेली माणसं काट्यांत हात घालून तो सोडवत बसलो. माझं बोट फाटलं. हरीश सिंधीत शिव्या देत होता, बाभळीला, पुढाऱ्याला, आणि मधूनच उज्ज्वलालाही. गळ मिळाला, पण गुंता काही सुटला नाही. शेवटी त्याने तंगूस दातांनी तोडला. पुन्हा वाकला, फांद्यांत राहिलेले तुकडे एकेक करून वेचले, खाली गवतात पडलेलेही शोधले, सगळ्यांची बोटाभोवती गुंडाळी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

“पाण्यात गेलं की पाय अडकतात,” तो म्हणाला. “बगळ्यांचे. ती ओरडते.”